शेवटची चिठ्ठी कोणती?

श्रीमती दुर्गाबाई नान्हे यांची आणि माझी पहिली भेट झाली, तेव्हा मी त्यांच्याशी खोटे बोललो. पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात लेखाची सुरुवात अशी करू नये, एवढे मला कळते. पण ज्याने बाईंच्या हाताखाली तेरा-चौदा वर्षे नोंदी लिहिल्या, त्याला जे जसे घडले ते तसे लिहिण्याचीच सवय लागते, आणि या वयात ती मोडायची म्हणजे अवघडच.

एकोणीसशे पंच्याहत्तरच्या आसपासची गोष्ट. आंधळगावच्या पुढे, जंगल सुरू होते तिथे तेव्हा एक कारखाना होता. आता तो नाही. फाटकाचे दोन खांब तेवढे उभे आहेत आणि त्यांना गुरे बांधतात. खाणींना लागणारी सुरुंगाची दारू तिथे तयार होत असे. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक पास, घरची धानाची शेती, आणि भांडार विभागात कारकून म्हणून नुकताच चिकटलेला. बाई तिथल्या सहायक भांडारपाल. वयाने माझ्याहून चारच वर्षांनी मोठ्या, पण टेबलामागे बसल्या की वीस वर्षांनी मोठ्या वाटत. त्यांनी माझे नाव, गाव, शिक्षण काही विचारले नाही. वर पाहिले आणि म्हणाल्या, "भेव लागते का रे तुले?"

बावीस वर्षांचा मुलगा याचे उत्तर काय देणार? मी छाती काढून नाही म्हणालो. बाईंनी मला मागच्या शेडमध्ये रिकाम्या गोण्या मोजायला धाडले. तीन दिवस मी गोण्या मोजल्या. चौथ्या दिवशी आवारात एका ट्रकचे चाक फुटले आणि तो आवाज विरायच्या आत मी टेबलाखाली होतो. थोड्या वेळाने दोन चपला समोर येऊन थांबल्या. बाई खाली वाकल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "आता खरं सांग." मी सांगितले, लागते बाई, खूप लागते. "मंग उद्यापासून माह्या टेबलापाशी बस." माझ्या नोकरीची खरी सुरुवात अशी टेबलाखालून झाली.

बाईंचे काम समजायचे तर त्या कारखान्याची एक रीत समजून घ्यावी लागते. दारूचा माल एका जागी ठेवत नाहीत. जंगलात लांब लांब एकतीस कोठ्या बांधलेल्या होत्या आणि प्रत्येकीभोवती मातीचा उंच बांध होता. कोठीत काय आहे हे सारखे बदलत असे. आज नायट्रेटच्या गोण्या, उद्या ती रिकामी करून, झाडून, तिथेच ॲल्युमिनियमच्या पावडरीचे डबे, परवा तयार दारूच्या पेट्या. प्रत्येक बदलाची एक चिठ्ठी निघे आणि भांडाराच्या मोठ्या वहीत तो बदल चढे. या वहीची दुसरी प्रत दीड मैलावर, नाल्यापलीकडच्या बंबचौकीत ठेवलेली होती. भांडारच जळाले तर प्रत तरी वाचावी, आणि आग लागलीच तर बंबवाल्यांना जागच्या जागी कळावे, हा तिचा उपयोग. तिथे एका कपाटात कोठीमागे एक कार्ड होते आणि कार्डावर रंगीत पट्टी. निळी पट्टी, म्हणजे नायट्रेट, असेल तर पाणी मारायचे. पिवळी असेल तर पाण्याचा थेंब नाही, फक्त रेती, कारण पेटती पावडर पाण्याने विझत नाही, उलट उसळते. लाल, म्हणजे तयार दारू, असेल तर माणसे मागे घ्यायची. बंबवाले पट्टी पाहून निघत. आत काय आहे हे उघडून बघायला कोणाला फुरसत असते?

त्या बंबावर माझे थोरले भाऊ मनोहर होते. नळीचे तोंड त्यांच्या हातात असे, म्हणजे सगळ्यांत पुढे ते. म्हणून ही सगळी रंगीत पट्ट्यांची गोष्ट मला कधी कागदाची वाटली नाही.

भीती वाटावी असेच ते काम होते. चिठ्ठी निघाली की कारकुनाने सायकलवर चौकीत जायचे, कपाट उघडायचे, कार्ड शोधायचे, नोंद करायची, पट्टी बदलायची. मग मालवार यादी वेगळी होती. तिच्यात जुन्या मालाखालून कोठीचा नंबर खोडायचा, नव्या मालाखाली लिहायचा, चौकीच्या हवालदारांची सही घ्यायची. पुढची चिठ्ठी, पुन्हा तेच. पावसाळा सरून खाणी जोरात सुरू झाल्या की चिठ्ठ्यांचा ढीग पडे आणि चौकीतली प्रत भांडाराच्या मागे पडत जाई. एके दिवशी बाई सहज चौकीत गेल्या आणि नवव्या कोठीचे कार्ड पाहून जागच्या जागी थांबल्या. कार्डावर निळी पट्टी होती. नवव्या कोठीत दोन दिवसांपूर्वीच तयार दारूच्या पेट्या लागल्या होत्या, आणि त्या चिठ्ठीवर सही बाईंचीच होती. चिठ्ठी आमच्या ढिगात कुठेतरी तळाशी पडून होती. त्या दिवशी बाईंनी जेवणाचा डबा उघडला नाही. टेबलावर हात ठेवून नुसत्या बसून होत्या. तेव्हा मला कळले की भेव लागते का, हा प्रश्न त्या प्रत्येक नव्या माणसाला का विचारतात. त्यांना स्वतःला आमच्या सगळ्यांच्या वाटचे भेव लागत होते.

व्यवस्थापक भले गृहस्थ होते. ते म्हणाले, आणखी एक कारकून घ्या. बाईंनी नकार दिला. कपाट एक, यादी एक. दुसरा कारकूनही पहिल्याच्या मागे रांगेत उभा राहणार, असे त्यांचे म्हणणे. मग उपाय काय हो, असे व्यवस्थापकांनी विचारले, तेव्हा बाईंनी रोवणीची गोष्ट सांगितली.

बाई ढिवरांच्या घरातल्या. वडील गावच्या तळ्यात मासे धरत, आणि आई व बाई पावसाळ्यात लोकांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, रोवणीला जात. धानाच्या रोपांना आमच्याकडे पऱ्हे म्हणतात. पऱ्हे उपटून, त्यांच्या पेंढ्या बांधून, त्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, न ठेवता रोवणीच्या आधीच सगळ्या बांधीभर जागोजागी टाकून ठेवतात. मग बाया ओळीने मागे सरकत जातात आणि हाताशी असलेली पेंढी सोडून लावत राहतात. "एकेक पऱ्हा आणाले धुऱ्यावर गेलं, तं रोवणा दिवाळीलोक चालन, साहेब," बाई म्हणाल्या. "आमी एकेक पऱ्हा घेऊन दीड मैल जाऊन राहिलो."

त्यांनी सुताराकडून एकतीस खणांची एक पेटी करून घेतली. दिवसातून दोन वेळा, ठरलेल्या घटकेला, तोवरच्या सगळ्या चिठ्ठ्या आल्या त्या क्रमाने खणांत टाकायच्या आणि प्रत्येक कोठीची गड्डी दोऱ्याने बांधायची. चौकीत गेले की कार्डांचा अख्खा कप्पा बाहेर काढायचा आणि पहिल्या कोठीपासून एकतिसाव्यापर्यंत एका दमात लिहीत जायचे. एका कोठीच्या पाच चिठ्ठ्या असल्या तर नोंदी पाच, पण पट्टी एकदाच, शेवटच्या चिठ्ठीप्रमाणे. मालवार यादीला मध्ये हातच लावायचा नाही. सगळी कार्डे झाली की जुनी यादी फाडायची आणि कार्डांवरून नवी लिहून काढायची. सही शेवटी एकच. कप्पा बाहेर असेपर्यंत चौकीवर लाल झेंडा. तेवढ्या वेळात वर्दी आली तर कपाटावर विसंबायचे नाही, भांडाराला फोन करायचा. आधी जे काम दिवसभरात सरत नसे, ते तासाभरात उरकू लागले. हवालदार तर म्हणाले, बाईंनी कपाटावर काही मंतरलं.

बाईंचा स्वभाव मात्र तसाच राहिला. काम वेगाने होऊ लागले की माणूस निर्धास्त होतो, आणि बाईंना निर्धास्त माणसाचीच धास्ती. त्या रोज मला विचारत, आज काय चुकू शकते? मी म्हणे, काही नाही. त्या म्हणत, मग अजून नीट पाहा. मी मनात म्हणे, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. तो ब्रह्मराक्षस दोन वर्षांनी एप्रिल महिन्यात आला, आणि माझ्याच पाठी आला.

आमच्या भागात एप्रिलमध्ये मोह गळतो. फुले वेचायला सोपे जावे म्हणून लोक झाडाखालचा पालापाचोळा जाळून जागा साफ करतात. वारा नसताना जाळतात, पण धुमसत राहिलेले एखादे लाकूड दुपारच्या झळांनी पुन्हा पेट घेते. त्या दिवशी कुंपणापलीकडच्या मोहाखाली हेच झाले. दोनच्या सुमारास भोंगा वाजला. वाळलेले गवत पेटत पेटत कुंपणाच्या आत आले होते आणि वर्दी होती चौदा नंबरच्या कोठीची.

मी भांडारात बाईंच्या समोर बसलो होतो. चौदा हा आकडा ऐकून बाई उभ्या राहिल्या. सकाळी आठला चौदात नायट्रेट आले होते, नऊला ते निघून तिथे पावडरीचे डबे गेले होते. दोन्ही चिठ्ठ्या त्यांनीच केल्या होत्या. त्यांनी फोनचा दांडा फिरवला आणि विचारले, चौदाची पट्टी कोणती? पलीकडे चौकीत एकटा राहिलेला माणूस कार्ड पाहून म्हणाला, निळी. बंब निघून पाच मिनिटे झाली होती.

सकाळची खेप लिहिणारा मी होतो. कार्डावर आधी पावडर आली आणि मग नायट्रेट आले, असे उलटे चढले होते. पाणी, पावडर आणि नळीच्या तोंडाशी माझे भाऊ.

बाईंनी माझी सायकल घेतली आणि त्या गेल्या. मी मागे धावत होतो. पाय कुठे पडतात समजत नव्हते, नुसते माय, माय असे तोंडातून निघत होते. मी पोचलो तेव्हा गवतावर पाणी पडत होते, चौदाच्या बांधाशी धूर लोळत होता, कोठीच्या दाराची खालची फळी काळी पडून धुमसत होती आणि मनोहरभाऊ नळी घेऊन बांधावर चढले होते. तोंड दाराकडे. माझ्या थोड्याच पुढे पोचलेल्या बाई सायकल टाकून सरळ बंबापाशी गेल्या, चालकाला बाजूला सारले आणि स्वतःच्या हाताने पाणी बंद केले. नळी लुळी पडली तसे भाऊ चिडून मागे वळले. बाईंचा आवाज धापेने पार बसला होता. त्या एवढेच म्हणाल्या, "मनोहरभाऊ, अंदर पावडर आहे. खाली या."

भाऊ खाली आले. पुढचा अर्धा तास रेतीच्या बादल्या आणि पळसाच्या ओल्या फांद्या यांचा होता. बाईही फांदी घेऊन गवत झोडपत होत्या. फळीवरची आग रेतीने दडपली गेली, आणि दाराच्या आत ठिणगी गेली नाही. हे माझ्या पुण्याईने झाले नाही, हे मी जाणतो.

चौकशी झाली. चूक कुणाची, असे व्यवस्थापकांनी विचारले. मी तोंड उघडायच्या आत बाईंनी लेखी जबाब पुढे केला. त्यात लिहिले होते की गड्डीतल्या चिठ्ठ्यांचा क्रम फक्त गड्डी बांधण्यावर अवलंबून होता, चिठ्ठीवर क्रम सांगणारे काहीच नव्हते, पद्धत त्यांची स्वतःची, म्हणून चूकही त्यांचीच. बाईंची बढती दोन वर्षे मागे पडली. मी गप्प बसलो.

आग लागली त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, बाई आमच्या घरी आंधळगावला आल्या. माय अंगणात तांदूळ पाखडत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. म्हणाल्या, "माय, आज माह्या कागदानं तुह्या पोराले मरणाच्या दारात उभं केलं होतं. तुले हे दुसऱ्या कोणाच्या तोंडून समजू नये, म्हणून आली." मायचे सूप थांबले. तिने मग विचारले, पोरगा कुठे आहे? भाऊ विहिरीवर आंघोळ करत होते, त्यांचा खोकला ऐकू येत होता. माय म्हणाली, "मंग हात धू. दोन घास खाऊन जा. आन् उद्यापासून कागद नीट लिहजो." बाई जेवल्या. मी शेजारच्या खोलीत अंधारात उभा होतो. जेवायला ये म्हणून मायने तीन हाका मारल्या, तरी मी बाहेर आलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक चिठ्ठीवर ओळीने क्रमांक पडू लागला. गड्डीला नुसता दोरा बांधायचा नाही, दाभणाने भोक पाडून ओवायचा. लिहिणाऱ्याने आधी क्रमांक वाचायचा, मग चिठ्ठी. आणि चौकीच्या दारावर एक काळी पाटी लागली: शेवटची चिठ्ठी क्रमांक अमुक. म्हणजे इथवर प्रत खरी, याच्या पुढचे आम्हाला ठाऊक नाही. वर्दी आली की हवालदारांनी आधी तो क्रमांक भांडाराला फोनवर सांगायचा आणि त्यानंतरची त्या कोठीची एखादी चिठ्ठी निघाली आहे का हे विचारून मगच बंब हलवायचा. पहिल्यांदा बंबवाले कुरकुरले. मनोहरभाऊंनी त्यांना एका वाक्यात गप्प केले, काय म्हणाले ते छापण्यासारखे नाही.

मला मात्र त्या दिवसानंतर लिहिता येईना. पेन कार्डाला टेकले की मी पुन्हा चिठ्ठीवरचा क्रमांक वाचायला वळे. बाईंनी ते पाहिले. महिनाभर त्या रोज माझ्याबरोबर चौकीत आल्या, शेजारी स्टुलावर बसल्या, आणि एकेक चिठ्ठी त्यांनी वाचायची, मी लिहायची, असे चालले. सहायक भांडारपालाने कारकुनाला चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या, यावर कँटीनमध्ये टवाळी झाली. बाईंनी ती मनावर घेतली नाही. एक दिवस त्या आल्या नाहीत आणि मी एकट्याने सगळी खेप लिहिली, तेव्हा कळले की त्या मुद्दामच आल्या नव्हत्या.

शेवटची चिठ्ठी कोणती, हा प्रश्न पुढे बाईंच्या नावालाच चिकटला. फाटकावर भेटल्या की नमस्काराच्या जागी तोच. त्यांचे लग्न तुमसरला, तिथल्या एका राईस मिलमधल्या मिस्त्रींशी झाले. मुहूर्ताला अर्धा तास उरला असताना बाईंनी वऱ्हाडातून मला बोलावून घेतले. मला वाटले, काही आणायचे राहिले असेल. मुंडावळ्या सावरत त्यांनी विचारले, सकाळच्या खेपेला शेवटची चिठ्ठी कोणती होती? मिस्त्री शेजारून म्हणाले, अहो, आज तरी एक दिवस सोडा. त्या म्हणाल्या, आग सुट्टी घेत नाही. मी क्रमांक सांगितला, तेव्हा कुठे अक्षता पडल्या. लग्नानंतर त्यांचे आडनाव बदलले, पण आमच्यासाठी त्या नान्हेबाईच राहिल्या, आणि या ग्रंथातही त्यांनी तेच राहू दिले.

ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात कारखान्यात कॉम्प्युटर आले. एक भांडारात, एक चौकीत. बदल फ्लॉपीवर उतरवून सायकलनेच न्यायचे, म्हणजे माझी सायकल काही सुटली नाही. नागपूरहून एक हुशार तरुण इंजिनियर आले होते. त्यांनी सांगितले, आता कपाट नको, काही नको. पहिल्या आठवड्यात सगळे टाळ्या वाजवत होते. मग सीझन लागला आणि चौकीतले यंत्र मागे पडू लागले. सकाळची फ्लॉपी घातली की दुपार झाली तरी पडद्यावर नोंदी एकेक करून चढतच असत. पाटीवरचा क्रमांक हलेना. बाई दिवसातून दहादा पाटी पाहून येत आणि परत येऊन डबा न उघडता बसत. मला नवव्या कोठीचा दिवस आठवला आणि पाचावर धारण बसली.

इंजिनियर म्हणाले, यंत्र लहान आहे, मोठे मागवावे लागेल. बाईंना कॉम्प्युटरचे ओ की ठो कळत नव्हते. त्यांनी फक्त विचारले की एक नोंद चढल्यावर हे यंत्र आत नेमके काय काय करते. इंजिनियरांनी समजावून सांगितले: नोंद लिहिते, मग कोठीवार सूची नीट लावते, मग मालवार सूची, मग तारखेची, आणि मगच पुढची नोंद घेते. बाई ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे हेही एकेक पऱ्ह्यासाठी धुऱ्यावर जाऊन राहिलं." त्यांनी सुचवले ते एवढेच: भरती चालू असताना सूच्या बाजूला ठेवता येतील का? सगळ्या नोंदी कोठीवार, क्रमाने लावून एकदम ओतायच्या आणि सूच्या शेवटी एकदाच नव्याने बांधायच्या. इंजिनियर म्हणाले, येईल, पण तेवढ्या वेळात शोधायला गेले तर काही सापडणार नाही. बाई म्हणाल्या, तेवढ्या वेळात आमचा लाल झेंडा आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही फ्लॉपी घातली आणि चहा सांगितला. चहा यायच्या आत पडद्यावर भरती पूर्ण झाल्याची ओळ आली. इंजिनियर हसून बाईंना नमस्कार करू लागले. बाईंनी त्यांना विचारले, शेवटची चिठ्ठी कोणती? पडद्यावर ते कुठेच नव्हते. त्याच दिवशी पडद्याच्या पहिल्या ओळीत तो क्रमांक आला आणि कारखाना बंद होईपर्यंत तिथेच राहिला. त्या साऱ्या वर्षांत आमच्या बंबातला एकही माणूस चुकीची पट्टी पाहून आगीवर गेला नाही.

आता लेखाच्या सुरुवातीला जे नोंदीचे म्हटले, तिकडे येतो. मागच्या महिन्यात हा लेख लिहायची परवानगी मागायला मी तुमसरला बाईंच्या घरी गेलो. मिस्त्रींनी चहा केला. इतकी वर्षे छातीवर धोंडा होता, तो मी तेव्हा उतरवला. त्या एप्रिलच्या सकाळी गड्ड्या घेऊन चौकीत जाताना नाल्याच्या रपट्यावर, म्हणजे ठेंगण्या पुलावर, समोरून कारखान्याची बस भोंगा वाजवत आली. मी घाबरून सायकल बाजूला घेतली आणि पडलो. गड्ड्या सुटून चिठ्ठ्या रपट्याकडेच्या झाडाखाली, गळलेल्या फुलांत विखुरल्या. प्रत्येकीवर कोठीचा नंबर होता, म्हणून मी त्या कोठीवार पुन्हा लावल्या आणि बांधल्या. एकाच कोठीच्या दोन चिठ्ठ्यांत पहिली कोणती, हे मला ठाऊक नव्हते. भांडारात परत जाऊन विचारायला हवे होते. पडलो हे सांगायची भीती वाटली. क्रम पद्धतीमुळे चुकला नव्हता. माझ्यामुळे चुकला होता.

बाई चहा पीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मले त्याच दिवशी समजलं होतं. सांजच्याले चिठ्ठ्या तपासल्या, तं हाताले चिकटत होत्या. मोहाचा वास येत होता त्याईले." मी विचारले, मग माझे नाव का घेतले नाही? बाई म्हणाल्या, "तुह्या एका पडण्यानं माणसं मरत असतीन, तं थे पद्धत कायची? चूक माहीच होती. आन् तुले काढलं असतं, तं तुह्या जागी न भेणारा कोणी आला असता."

लेखाला त्यांनी परवानगी दिली, पण एक अट घातली. आधी मनोहरभाऊंना सांगायचे, मगच छापायचे.

भाऊ आता ऐंशीला टेकले आहेत. आंधळगावला घराच्या पडवीत खाटेवर असतात. चार दिवस मी त्यांच्याजवळ जाऊन बसत होतो आणि धानाच्या, पावसाच्या गोष्टी करून परत येत होतो. पाचव्या दिवशी सांगितले. सगळे सांगितले, झाडाखाली वाकून चिठ्ठ्या वेचण्यापासून. भाऊ ऐकत होते, नजर अंगणात. मग त्यांनी एवढेच विचारले, "हे बाईले मालूम होतं?"

मी म्हणालो, पहिल्या दिवसापासून.

"आन् तरी मायसमोर थे येकटीच येऊन बसली." भाऊंनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. मग म्हणाले, "सत्काराच्या दिवशी मले गाडीत घालून नेजो. हार मी घालीन. तू बाजूले उभा राहजो."

तसे ठरले आहे. बंबाची नळी ज्यांनी चाळीस वर्षे धरली, ते हात आता पाण्याचा पेलाही नीट धरत नाहीत. हार घालताना बाईंनी थोडे पुढे वाकावे, ही माझी आधीच विनंती. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. मिस्त्रींच्या हातचा चहा त्यांना रोज मिळो, डोळ्यांना चिठ्ठी वाचण्याइतका उजेड राहो. आमच्या घरातली खाट त्या एप्रिलमध्ये रिकामी झाली असती; ती आजही भरलेली आहे, आणि तिच्यावरचा म्हातारा गेले आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मला विचारतो आहे, बाईचा सत्कार कोणत्या दिवशी आहे ते पुन्हा एकदा नीट पाहून सांग.